शेजारून घेतलेला काप

शनिवार, सकाळचे अकरा

ती. वहिनी,

पाया पडतो.

दोन गल्ल्या सोडून राहणारा दीर पत्र लिहितो म्हणून तू आधी हसशील. हस. आमच्याकडे सगळे बरे आहेत. धाकटीची परीक्षा परवा संपली. हिचा गुडघा आता जिना चढू देतो. तुझी जखम भरली, जेवण जातं, हे दादाकडून कळतं. देवाची कृपा.

दोन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी सकाळी मी काय केलं, ते तुला सांगायचं आहे.

आमच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी महिना उलटलेल्या बरण्या रिकाम्या करतात. ऑपरेशनमध्ये काढलेला भाग आमच्याकडे तपासायला येतो. त्यातून चार-पाच काप घ्यायचे, मेणात बसवायचे, केसाहून पातळ कापून काचेवर लावायचे, मग आमच्या डॉक्टर मॅडम ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. उरलेला भाग औषधी पाण्यात महिनाभर ठेवतो, पुन्हा बघायची वेळ आली तर असावा म्हणून. ती वेळ सहसा येत नाही. मग मी बरणीवरचा आकडा वहीशी जुळवतो, मनातल्या मनात त्या माणसाला आयुष्य मागतो आणि बरणी जाळायच्या पिशवीत रिकामी करतो. बावीस वर्षं हेच करतो आहे. त्या सकाळी एकतीस बरण्या होत्या. तीस रिकाम्या केल्या. एक पुन्हा फळीवर ठेवली, मोठ्या डब्याच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशी.

ती तुझी होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी खाटेवर बसून तू काय म्हणालीस, आठवतं? "घुम्या, माझी पित्ताची पिशवी तूच तपास हं. तुझ्या दादानं पस्तीस वर्षं खवळवलेलं पित्त आहे, परक्याच्या हाती नको." दादा म्हणाला, "खवळायला आधी शांत कधी होतं?" शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा टाके धरून हसली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी अकरा खडे तुझ्या हातात दिले, ते तू बाटलीत घालून कपाटात मांडलेस, येईल त्याला दाखवतेस. सगळ्यांना वाटलं, दुखणं बाटलीत बंद झालं.

पित्ताशय, आंत्रपुच्छ असले रोजचे नमुने मॅडम माझ्यावर सोपवतात. तुझंही मीच कापलं. पिशवीची मान बघितली, मधला भाग बघितला, ठीक होतं. तळाशी आलो आणि सुरी अडली.

अडली म्हणजे फार नाही. ओल्या वाळूवरून गेल्यासारखी जराशी करकरली. डोळ्यांना काही दिसलं नाही, भिंत मसुराच्या दाण्याएवढ्या जागेत थोडी जाड, बस. खड्यांनी घासून घासून अशी जाड होते, खूपदा होते. पण हाताला फरक कळतो, वहिनी. बावीस वर्षांनी कळतो. माझ्या हाताला कळलं. मी डोळे मिटून म्हटलं, देवा, हे तसलं असू देऊ नकोस. आणि डोळे उघडून काप घेतला तो त्या जागेच्या शेजारून.

दुसऱ्या कुणाचं असतं तर त्याच जागेचे चार काप घेतले असते. त्या दिवशी देवाचं नाव घेऊन मी देवाच्याच आड लपलो. ही गोष्ट मी अजून देव्हाऱ्यासमोरही नीट बोलू शकलेलो नाही.

मॅडमना जे दिलं ते त्यांनी बघितलं. जे दिलंच नाही ते त्या कुठून बघणार? "जुनी सूज, काळजीचं कारण नाही," असा रिपोर्ट आला. तो मीच घेऊन आलो. तू कणीक मळत होतीस. "काय म्हणते माझी पिशवी?" तू विचारलंस. मी म्हटलं, "काही नाही, नुसते खडे." तू पिठाच्या हातानं माझ्या गालावरून बोटं फिरवलीस. घरी जाईपर्यंत मी ते पीठ पुसलं नाही.

त्या मंगळवारी बरणी लपवली आणि दुपारपर्यंत तीनदा फळीशी जाऊन आलो. शेवटी ती उचलून मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. विसरलो, चुकलो असलं काही म्हटलं नाही. कळलं होतं आणि घेतलं नाही, असंच सांगितलं. त्यांनी बरणीवरचा आकडा वहीशी जुळवून बघितला.

"असं आधी कधी केलंयस?"

"नाही."

"कशावरून?"

त्यांनी स्वतः हातमोजे चढवले. "आजपासून पित्ताशय मी कापणार. तू शेजारी उभा राहा." त्या दिवसापासून मी शेजारी उभा राहतो. त्याचं मला वाईट वाटत नाही.

गुरुवारी काचा तयार झाल्या. वहिनी, त्या जागी कर्करोग आहे. लहान आहे, पण भिंतीत उतरलेला आहे. मॅडमनी मलाही सूक्ष्मदर्शकातून दाखवला.

दादाला आणि तुझ्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा ऑपरेशन करून यकृताचा लगतचा तुकडा आणि आजूबाजूच्या गाठी काढायला हव्यात. लवकर केलं तर आशा चांगली, उशीर केला तर कुणीच काही सांगू शकत नाही. पाच आठवडे तर मीच घालवले होते. दादा म्हणाला, "तिला कळता कामा नये. खचेल ती. आतले टाके सैल झालेत म्हणून सांगू." मी मान हलवली. पुन्हा गप्प बसलो.

आणि तू काय म्हणालीस? "सैल तर सैल. मला कुठे काय दुखतंय? त्या टेबलावर मी आता जिवंतपणी नाही चढायची." एक तारीख गेली. दुसरीही गेली. तुझं काही चुकलं नाही. सैल टाक्यांसाठी मीही चढलो नसतो.

मी आठ वर्षांचा, आई नसलेला, तेव्हा तू या घरात आलीस. गावच्या शाळेत मास्तर जे शिकवायचे ते संध्याकाळी तू पुन्हा शिकवायचीस. पाढा चुकला तर ओरडायची नाहीस, "चुकलं तिथून पुन्हा म्हण," एवढंच. जिला सगळं सोसतं हे मी लहानपणापासून बघितलं, तिलाच खरं सोसणार नाही असं आम्ही दोघा भावांनी परस्पर ठरवून टाकलं.

तोंडानं सांगायला मी दोनदा येऊन गेलो. पहिल्यांदा तू चहा ठेवलास. दुसऱ्यांदा विचारलंस, "इतका कसल्या विचारात?" आणि मी मुलीच्या परीक्षेचं काहीतरी बोलून परत फिरलो. म्हणून हे लिहितो आहे. कागदावर मला चहा कुणी विचारत नाही.

आज सकाळी दादाला आमच्याकडे बोलावून सांगितलं, मी तिला सगळं कळवणार. तो फार बोलला. "तिचं काही बरंवाईट झालं तर तुझ्यामुळे," म्हणाला. मग उंबऱ्यावरच बसून रडला. त्याला काही बोलू नकोस. तो बोलला त्यात खोटं काही नाही.

डॉक्टरांनी सोमवारची वेळ पुन्हा धरून ठेवली आहे, सकाळी आठची. जायचं की नाही ते तू ठरव. पण आता तरी खरं काय ते माहीत असून ठरव. मला क्षमा कर असं लिहिणार नव्हतो, तरी हात तिकडेच जातो. तो राग तू ऑपरेशननंतर काढ, पुरवून पुरवून काढ, मी हलणार नाही.

हा कागद तुझ्या हातात देऊन मी बाहेर आलो आहे. ही ओळ वाचत असशील तेव्हा तुझ्या दाराबाहेरच्या पायरीवर आहे. वाचून झालं की हाक मार. नाही मारलीस तरी इथेच आहे.

तुझ्यापासून आता काही न लपवलेला,
तुझा धाकटा दीर