खाऊ नका, शूटिंग चालू आहे

२४ डिसेंबर
ठरलं. दरवर्षी सुट्टीत आम्ही मित्रमंडळी आमच्याकडे जेवतो. यंदा त्याच जेवणाचा विनोदी चित्रपट. लेखक मी, दिग्दर्शक मी, कॅमेरा माझा. कलाकार मित्रच, म्हणजे पाठांतराची कटकट नाही. बायको म्हणाली, निदान त्यांना विचार तरी. विचारायचं काय त्यात? आपलीच माणसं.

२५ डिसेंबर
सुरुवात दणक्यात. डेंटिस्ट (शाळेपासून माझ्या बाकावरचा), वकीलीण आणि ढोल्या, तिघंही वेळेवर. टेबलावर अख्खी भाजलेली कोंबडी, बटाटे, केक. ढोल्याने पहिल्या शॉटआधीच तंगडीला हात घातला. समजावलं, सीन तीन दिवस चालणार, आज तंगडी गेली तर उद्या कोंबडी लंगडी दिसेल. घास तोंडापर्यंत न्यायचा, कट म्हटलं की खाली ठेवायचा. जाताना ढोल्या कुणाशी बोलला नाही. भूमिकेत शिरलाय. कोंबडी फ्रिजमध्ये.

२६ डिसेंबर
कोंबडीला तेल चोपडून चकाकी आणली. थोडा वास येतोय, पण पडद्यावर वास दिसत नाही. वकीलिणीने घरून डबा आणला आणि ढोल्यासोबत जिन्यात बसून खाल्ला. वर मलाच कायदा शिकवते, कामगारांनाही जेवणाची सुट्टी असते म्हणे. मी म्हटलं, कलेला कायदा नसतो. ती म्हणाली, मग कलेलाच जेवायला वाढ.
गोंधळाचा सीन होता, सगळे गप्प बसले. होईल सवय.

२७ डिसेंबर, दुपार
आज हुकमाचा पत्ता. डेंटिस्टची बायको गेल्या वर्षी त्याला सोडून गेली. सीन असा: शेजारी रिकामी खुर्ची, हा सवयीने तिचंही ताट वाढतो आणि सगळे खो खो हसतात. लिहिताना माझी हसून पुरेवाट झाली. त्याला आधी सांगितलेलं नाही, नैसर्गिक यावं म्हणून. मनाला लावून घेणारा नाही तो.

संध्याकाळ
लावून घेतलं.
कागद वाचला, उठला, ताट वाढलं. बटाटे जास्त, कोंबडी कमी. असं कुठे लिहिलं नव्हतं. तिला तसंच आवडायचं म्हणाला. कुणी हसलं नाही. मी म्हटलं, झकास, फक्त जरा हलकं घे. पुन्हा घेतलं. पुन्हा. मग त्याने चमचा ठेवला, चष्मा पुसला आणि गेला. मागोमाग बाकीचे. बायकोने विचारलं, जनाची नाही तर मनाची तरी आहे का. मी म्हटलं, हळू बोल, कॅमेरा चालू आहे.

२९ डिसेंबर
फोन कुणी उचलत नाही. रुसवा आहे, ओसरेल. काल शूटिंग पाहिलं. स्वतःच हसून बघितलं, हसू येईना. स्क्रीन लहान पडत असावी.
शाळेत माझ्या वाटच्या छड्याही डेंटिस्टनेच खाल्ल्या होत्या. वाईट वाटतंय. फार वाटतंय.

३० डिसेंबर
माफी मागायचं ठरवलं. माफीचा सीन लिहिला. चांगला जमलाय.

३१ डिसेंबर
बायको दुपारपासून स्वयंपाकघरात. वाटलं, रीशूटची तयारी. मनातून सुखावलो. तिने डबे भरले, कपडे बदलले आणि सांगितलं की यंदाचं जेवण डेंटिस्टकडे आहे. गेली.
थोड्या वेळाने त्याचाच फोन. ताट वाढलंय, ये म्हणाला. बाकी काही नाही. फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. बूट घालता घालता विचारलं, कॅमेरा आणू का?
तिकडे फोन स्पीकरवर असावा. एकदम हशा. वकीलीण, ढोल्या, माझी बायको, आणि सगळ्यात मोठ्याने डेंटिस्ट. इतके दिवस घसा फोडून मागत होतो, तेच हसू. मीही हसलो, पण तोवर त्यांचं थांबलं होतं.
फोन ठेवायला विसरले. भांड्यांचा आवाज येतोय. कुणीतरी मीठ मागितलं. माझा विषय निघत नाहीये. एका पायात बूट घालून बसलोय, दुसरा घालवत नाही.