चाळणीसाठी एक तारा

प्रिय चाळणी,

या नावाने तुला आता कोणी हाक मारत नसेल. शाळेतली पोरं समोर 'बाई' म्हणत असतील आणि मागे काय म्हणतात ते तुलाच ठाऊक. आमच्या खोलीत मात्र तू अजून चाळणीच आहेस. तुझ्या खुर्चीवर सध्या प्रिंटर बसतो. तोही तुझ्यासारखाच कुरकुरतो आणि सगळ्यांचे कागद अडवून धरतो.

इकडची मोठी बातमी म्हणजे सर महिनाअखेरीस निवृत्त होताहेत. कपाटं आवरायला घेतली आहेत. रोज एक गठ्ठा बाहेर काढतात, वाचत बसतात आणि संध्याकाळी परत आत ठेवतात. सगळी नोकरी एका प्रश्नात गेली त्यांची. आकाशातले मोठे तारे खुशाल फुटतात, मग आपल्या संगणकातला का फुटत नाही? हा प्रश्न तसाच टाकून जायचं त्यांच्या जिवावर आलंय. बोलून दाखवत नाहीत, पण रोज सकाळी माझ्या टेबलापाशी थांबून "काही नवीन?" एवढं विचारतात.

मध्यंतरी सासूबाईंनीही विचारलं, तुमचा तारा का फुटत नाही म्हणून. भाजी निवडता निवडता मी त्यांना सगळं सांगितलं. ताऱ्याच्या पोटात एकाची राख दुसऱ्याचं सरपण होत होत शेवटी लोखंड उरतं. लोखंड जाळून काही मिळत नाही. आतला आधार गेला की गाभा स्वतःच्याच वजनाने डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच कोसळतो, आणखी दाबता येणार नाही इतका घट्ट होतो आणि उसळी मारतो. तो धक्का तारा फोडायला निघतो खरा, पण आमच्याकडे अर्ध्या वाटेत अडकतो, निघतो निघतो म्हणत दारातच गप्पा मारत उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा. त्याला मागून रेटायला हवेत न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण. गाभ्यातून ते अगणित बाहेर पडतात, पण जाताना कशाला शिवत म्हणून नाहीत. त्यांतल्या थोड्यांनी जरी आपली ऊर्जा वाटेत टाकली तरी काम होतं. सासूबाई म्हणाल्या, "मग टाकायला सांगा की त्यांना." तेव्हापासून मी घरी आले की पहिला प्रश्न, "टाकली का गं?"

तो केकचा दिवस आठवतो तुला? तारा फुटला म्हणून सरांनी केक आणला, ओळखीच्या झाडून सगळ्यांना फोन केले, आणि तू तोंडात घास असतानाच म्हणालीस, "सर, न्यूट्रिनोंची ऊर्जा आपण हिशेबात दोनदा धरलीय." मग सरांनी त्या सगळ्यांना पुन्हा फोन केले, एकेकाला, स्वतः. तुझ्यावर मात्र चकार शब्दाने रागावले नाहीत. मीच आठवडाभर फुगून बसले होते, आणि तू मला चिडवत होतीस की हिला फोडा, हिच्यात पुरेसा दाब आहे.

हल्ली माझं जेवणात लक्ष नाही. भांडी घासताना गुणगुणते, मध्येच हसते. सासूबाईंना भलताच संशय आलाय, त्या मला जड बादली उचलू देत नाहीत. नवरा बिचारा काही न विचारता दुधाचा पेला पुढे करतो. मीही मुकाट्याने पिते, कारण खरं कारण त्यांना सांगितलं तर ते सरांपर्यंत पोहोचायला वेळ लागणार नाही.

खरं कारण असं, की तारा फुटलाय. गोल गरगरीत तारा घ्यायचा हट्ट मी सोडला आणि त्याला सगळ्या बाजूंनी हवं तसं खदखदू दिलं. आतला ऐवज उकळत्या पाण्यासारखा वरखाली व्हायला लागला, न्यूट्रिनोंच्या झळीत जास्त वेळ राहिला, आणि एका अंगाने फुगत फुगत तो अडकलेला धक्का बाहेर पडला. मी पुन्हा चालवून पाहिलं, पुन्हा फुटला. मला वेड लागायचं बाकी आहे. तरी सकाळी सरांनी "काही नवीन?" विचारलं तेव्हा मी "नाही सर" म्हणाले. त्यांना पुन्हा ते फोन करायला लागू नयेत. फोनवर माझा आवाज ऐकून तू सगळं ओळखलं असतंस, म्हणून हे पत्र. सुट्टी लागली की तडक इकडे ये आणि माझी चूक शोध. अगदी निर्दयपणे शोध, मैत्री बाजूला ठेव. सापडली तर आपल्या दोघींतच राहील, सरांना मी हसतमुखाने निरोप देईन. नाही सापडली तर आपण मिळून त्यांच्या खोलीत जाऊ. तुला दारात पाहून ते आधी दचकतील आणि विचारतील, "आता काय चुकलं?" उत्तर तू द्यायचंस. "काही नाही, सर," हे त्यांनी माझ्याकडून नाही, तुझ्या तोंडून ऐकायला हवं.

वाट बघणारी, तुझीच
धांदल