पिराचा पाळणा आणि माझी फुंकणी

ता. ११ नोव्हेंबर १९०९, कोल्हापूर

रजेवर आहे. गल्लीतले लोक विचारतात, आकाराम, रेल्वेनं काढलं काय? मूर्ख लेकाचे. हातकणंगले स्टेशनचा बुकिंग क्लार्क असा निघत नसतो. साहेबाचं कुत्रं पुण्याऐवजी बेळगावला गेलं, एवढंच झालं. लेबल मी लावलं हे खरं. पण कुत्र्याला गाडीत चढवणाऱ्या हमालाला वाचता येत नाही, त्याला मी काय करू? मोठे साहेब म्हणाले, प्रकरण थंड होईपर्यंत घरी बसा. म्हणजे माझ्याशिवाय स्टेशन चालतं का, ते त्यांना बघायचं आहे. बघा म्हणावं.

दुपारी धाकटी बहीण चिमणा उचगावहून आली. कडेवर पिराजी. लग्नाला कितीतरी वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं, तेव्हा ती उचगावच्या पिराला नवस बोलली होती की पोर झालं तर चांदीचा पाळणा वाहीन. पोर झालं, म्हणून नाव पिराजी. आता येत्या मोहरमात पाळणा वाहायचा. त्यासाठी तिनं पायातले तोडे काढून फडक्यात बांधून आणले होते. आईनं लग्नात घातलेले. गुजरीत गुंडू सोनाराकडं टाकायला निघाली होती.

मी थांबवलं. सोनार चांदी खातो, मजुरी खातो आणि वर तंबाखू खातो. पाळणा मी करीन म्हटलं. चिमी म्हणाली, दादा, तुला येतंय व्हय? म्हटलं, शिकायला असा किती वेळ लागतो? डाख लावायचा म्हणजे चांदीचे दोन तुकडे आगीवर चिकटवायचे. तिकिटावर तारीख मारण्यापेक्षा सोपं.

आत बायको हसली. झुंबरला खोकला झालाय, असं मी चिमीला सांगितलं.

चिमीनं तोडे दिले खरे, पण हातातनं सुटेनात. म्हणाली, दादा, लई जपून. नवस चुकला तर पोराला बाधंल, मला झोप न्हाई यायची. बायकांना काळजी करायची हौसच असते.

ता. १४ नोव्हेंबर

गुजरीत गेलतो. गुंडू सोनाराला सांगितलं, तुमची पद्धत जरा बघायची आहे. तो म्हणाला, बसा की टेसनमास्तर. मी क्लार्क आहे हे सांगायची गरज वाटली नाही.

शिकवायची रीत अगदीच भिकार. म्हणे पहिला महिनाभर नुसती फुंकणी फुंका. तोंडानं वारा सोडत राहायचं आणि त्याच वेळी नाकानं श्वास घ्यायचा. म्हटलं, आम्ही इंग्रजी शिकलेली माणसं, आधी थिअरी सांगा. तो म्हणाला, थेरी अशी बगा. जोड घासून साफ करायचा, त्याला हाताचं त्याल लागू द्यायचं न्हाई. वर टाकणखार लावायचा, म्हंजे डाख धरतो. मग डाखाचा कण ठेवायचा. आग सगळ्या दागिन्याला द्यायची, नुसत्या जोडाला न्हाई. डाख आधी पाघळतो, चांदी मागनं. डाख पाणी होऊन जोडात पळाला की फुंकणी काढायची.

हे सगळं तो पान थुंकत सांगत होता. माझं एकदाच ऐकून पाठ झालं.

ता. १६ नोव्हेंबर

दुसरा धडा. फुंकताना चक्कर आली. गुंडूच्या दुकानात वारा खेळत नाही. त्यानं माझ्या तोंडावर पाणी मारलं आणि शेजारच्या चार दुकानदारांना बोलावून दाखवलं. माणूस खालच्या दर्जाचा आहे.

शिक्षण पूर्ण झालं, असं त्याला सांगून निघालो. तो म्हणाला, एवढ्यात? हुशार माणसाला एवढ्यातच, म्हटलं.

ता. २५ नोव्हेंबर

गुंडूकडूनच तोडे आटवून पट्टी आणि तार करून घेतली. हे हमाली काम, त्यात मी हात घालत नाही. फुंकणी, चिमटा, टाकणखार, डाख, सगळं घेतलं. शेगडी घरचीच. झुंबर म्हणाली, मग सैपाक कशावर करू? कामाची किंमत नसलेल्या घरात माणूस पुढं येत नाही तो असा.

पाळण्याचा प्लॅन कागदावर काढला. वीतभर लांब, चार खांब, प्रत्येक खांबावर राघू, वर दांडी, दांडीला चार साखळ्या. पीर काय, दरबारात ठेवावा असा.

ता. ३ डिसेंबर

पहिला जोड. डाखाचा कण गोळी होऊन घरंगळला आणि निखाऱ्यात गेला. दुसरा कणही गेला. तिसरा माझ्या मांडीवर आला.

कोळसा वाईट आहे. झुंबर म्हणाली, भजी खाल्लेल्या हातानं चांदी धरलीसा, डाख चिकटंल कुठनं? हिला काय कळतंय!

ता. ११ डिसेंबर

आज आग चांगली लागली. इतकी चांगली, की पाळण्याचा तळ मधोमध खाली बसला आणि दोन खांब त्यात विरघळले. फुंकणी काढायचं ध्यानात होतं, पण दम लागलेला असताना माणसाला दोन गोष्टी कशा करता येतील? राहिला तो एक गोळा. गुंडूकडं नेऊन परत पट्टी करून घेतली. त्यानं गोळा उलटापालटा करून बघितला. पट्टी आधीपेक्षा आखूड झाली. खाल्ली असणार त्यानं.

नवा प्लॅन. चार बोटं लांब. राघू रद्द. नाहीतरी राघू गावंढळ दिसतात.

ता. १९ डिसेंबर

चिमी आली. पाळणा बघायला मागितला. फडक्यात गुंडाळून लांबूनच दाखवला. उघड की दादा, म्हणाली. म्हटलं, चांदीला नजर लागते. तिनं लगेच मान डोलावली आणि फडक्यालाच हात जोडले. मला जरा कसंतरी झालं. पण काम होतंच आहे, खोटं काही बोललो नाही.

ता. २७ डिसेंबर

पुन्हा गोळा. शिवाय काही तुकडे राखेत पडले आणि ती राख झुंबरनं भांडी घासायला घेतली. मी ओरडलो. ती म्हणाली, सगळ्या गल्लीत आपल्यासारखी भांडी कुणाची न्हाईत, चांदीनं घासल्यात.

या घरात माझी टिंगल करण्यापलीकडं कुणाला उद्योग नाही. उद्यापासून पहाटे उठून दमाचा व्यायाम.

ता. २८ डिसेंबर

उठायला उशीर झाला.

ता. ४ जानेवारी १९१०

विजय! चारही खांब उभे राहिले. एक खांब पन्हाळ्याकडं बघतो, पण तो कुठून बघता त्यावर आहे. पाळणा आता बोटभर लांब. मोठे पाळणे दिसायला बोजड असतात, आणि पिराच्या पुढं इतके नवस लागलेले असतात की जागा कुठं आहे?

झुंबरला बोलावून दाखवलं. तिनं चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाली, मेज चांगलं झालंय.

ता. ९ जानेवारी

साखळ्या. तारेच्या बारीक कड्या करून एकात एक अडकवल्या, टाकणखार फासला, डाख सढळ हातानं घातला, आणि काय सांगू, डाख असा पळाला की एकही जोड सुटा राहिला नाही. गुंडू बघता तर तोंडात बोट घालता.

संध्याकाळी लक्षात आलं, की कडीला कडीही जोडली गेली आहे. चारही साखळ्यांच्या ताठ काड्या झाल्या आहेत आणि पाळणा हलत नाही.

विचार केला. न हलणाराच बरा. पोर पडायची भीती नाही. रेल्वेचे पूल हलतात का?

ता. १३ जानेवारी

काल मोहरमाचा चंद्र दिसला. सकाळीच चिमी पिराजीला घेऊन हजर. आता लपवणं शक्य नव्हतं, पाळणा हातात दिला. तिनं आधी विचारलं, दादा, बाकीचा कुठाय?

समजावून सांगितलं. मग तिनं बोटानं झोका दिला. तिकडं रीत आहे म्हणे, पोराला मांडीवर घेऊन आई पिरापुढं पाळण्याला झोका देते, तो हलला म्हणजे नवस पोचला. पाळणा हलला नाही. तिनं जरा जोरानं दिला. सगळ्या काड्या एकदम निखळल्या आणि पन्हाळ्याकडं बघणारा खांब तिच्या हातात आला.

चिमी भांडली असती तर मी बोललो असतो. ती भांडली नाही. खाली बसली आणि रडली. म्हणाली, दादा, आईचं तोडं हुतं रं. माज्या पोराचा नवस हुता. पिराजी तिचं बघून रडायला लागला. झुंबर माझ्याकडं बघेना. शेगडीचा धूर फार झाला होता, माझ्याही डोळ्यांत गेला.

चिमीनं सगळे तुकडे पदरात गोळा केले आणि गुजरीत निघून गेली. मी मागनं ओरडून सांगितलं, की जोडांत माझा डाख आहे, त्याला म्हणावं जपून.

ता. १६ जानेवारी

गुंडूनं पाळणा केला. एका दुपारीत. चिंचोक्याएवढा झाला आहे, कारण तेवढीच चांदी राहिली होती. साखळ्या केसासारख्या बारीक, आणि जवळून नुसता श्वास सोडला तरी झुलतो.

मी देखरेखीला गेलतो. गुंडू सगळ्या गुजरीला ऐकू जाईल असं म्हणाला, टेसनमास्तर, तोडं पहिल्याच दिशी दिलं असतं तर वीतभर पाळणा राघूसकट दिला असता. म्हटलं, राघू मूळ माझ्या प्लॅनमध्ये होते. तो इतका हसला की दुकानातल्या गिऱ्हाइकालाही हसावं लागलं. असल्या माणसाला धंदा मिळतो, यातच कोल्हापूरचं काय ते आलं.

ता. २१ जानेवारी, उचगाव

चिमीचा नवस फिटला. गर्दी फार. पिरापुढं तिनं पिराजीला मांडीवर घेतलं, पाळण्याला बोट लावलं, आणि तो हलला. सकाळपासनं आवळलेलं तिचं तोंड एकदम मोकळं झालं. मलाही बरं वाटलं, उगीच कशाला नाही म्हणा.

फक्रुद्दीन मुजावर तिथली पूजाअर्चा बघतात. त्यांनी पाळणा वर धरून विचारलं, लई नाजूक काम, कुणाचं हाय? मी घसा साफ केला. चिमी म्हणाली, गुंडू सोनाराचं.

झालं ते विसरावं म्हणून मी तिथंच जाहीर केलं, पिराजीच्या वाढदिवसाला चांदीचे वाळे मी स्वतः करणार. वाळ्यात जोड तो कितीसा! आता माझा हात बसला आहे. झुंबर आणि चिमीनं एकमेकींकडं बघितलं. आनंदानंच असेल. मग दोघीही परत पिरापुढं गेल्या, डोकं टेकलं आणि काहीतरी पुटपुटल्या. काय मागितलं ते सांगेनात. माझ्या प्रमोशनसाठीच असणार. शेवटी बहीण ती बहीण.

ता. ५ फेब्रुवारी

वाळ्यांचा प्लॅन काढला. घुंगरांसकट. झुंबरला तिच्या जोडव्यांतली जुनी जोडी मागितली. ती म्हणाली, सापडत न्हाई. मी कालच तिच्या पायात बघितली होती.

ता. ९ फेब्रुवारी

रेल्वेची ऑर्डर आली! ताबडतोब हजर व्हा. शेवटी माझ्यावाचून अडलंच. बुकिंगऐवजी मालधक्क्यावर घातलं आहे, म्हणजे जबाबदारी वाढवली आहे. तिथं कुत्री येत नाहीत असं ऑर्डर आणणारा शिपाई म्हणाला, त्याला कुणी विचारलं नव्हतं.

वाळे राहिले. बिचारी चिमी.

ता. १० फेब्रुवारी, गुरुवार

चिमी सकाळी टोपलीभर मलिदा घेऊन आली. बरोबर फक्रुद्दीन मुजावर. गल्लीत घरोघरी वाटला. गुंडू सोनारही आला, त्याला कुणी बोलावलं कोण जाणे. मी ओट्यावर बसून दोन वाट्या खाल्ल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, माझ्या बढतीचा नवस आहे, घ्या, लाजू नका. लोक माझ्याकडं बघून फारच प्रेमानं हसत होते.

शेवटी मुजावर जवळ येऊन बसले. म्हणाले, पीर लई जागृत बगा, बाबू. महिना व्हायच्या आत ऐकलं. विचारलं, नवस नेमका काय शब्दांत होता? म्हातारा भोळा, त्यानं मोठ्यानं सांगून टाकलं. पोराच्या वाळ्याला हात लागायच्या आत दादाला नोकरीवर बोलावणं येऊ दे, आणि त्याच्या हातची फुंकणी सुटू दे, मी मलिदा वाटीन.

गुंडूनं तिसरी वाटी घेतली. वाळ्यांचं काम त्याच्याकडं गेल्या आठवड्यातच पडलंय, हे त्यानंच सांगितलं.

मी चिमीला एवढंच म्हणालो, की मलिद्यातला गूळ बरा आहे, तुमच्याकडं उचगावात एवढा चांगला मिळत नाही. ती खाली बघायला लागली. आतनं झुंबर म्हणाली, आपल्याच घरातला हाय.

उद्या सकाळच्या गाडीनं हातकणंगले.