आप्पा, लेन्सला तेल घालत नाहीत

आप्पा,

तुम्हाला लिहायचं तर पहिली पंचाईत भाषेची. घरात आपण अहिराणी बोलायचो, मराठी शाळेपुरती, आणि सुरतेतल्या उधन्याच्या गल्लीत पाय ठेवला की गुजराती-हिंदी. तुमच्याशी मी शाळेतल्या मराठीत एक वाक्य बोलल्याचं आठवत नाही. बोलले असते तर ‘मास्तरीण व्हयनी का वं?’ म्हणून तुम्ही हसला असतात. तरी लिहायला बसलं की हात तिकडेच वळतो. चालवून घ्या.

विषय तुमच्या लेन्सचा आहे. ती अजून माझ्याकडे आहे. तिच्याबरोबरचा फिल्मचा कॅमेरा केव्हाच बंद पडला, पण मधे अडॅप्टरची कडी बसवली की ती माझ्या आताच्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढते. सुट्टीच्या दिवशी मी फोटो काढते, पोटासाठी नाही, हौसेसाठी. घरातले म्हणतात, आजकाल कॅमेरा स्वतःच फोकस करतो, तू कसली हातानं चाक फिरवत बसतेस? त्यांना काय सांगणार, मला ते चाक फिरवायलाच आवडतं. तर यंदा श्रावण लागायच्या आधी मायनं जाहीर केलं की या वर्षी घरात बसवायची कानबाई देवी तिच्या हातची शेवटची. गुडघे साथ देत नाहीत; पुढच्या वर्षीपासून तुमची सून बसवेल. माय कानबाईला नथ घालते तो क्षण मी घेणार, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं. कारण तुमच्या बाबतीत मी हुकले. माझ्या हातचा तुमचा एकही धड फोटो नाही. भिंतीवर तुम्ही आहात ते मिलच्या गेटपासवरून मोठे केलेले, आणि स्टुडिओवाल्यानं अंगावर कोट-टाय रंगवलाय. जन्मात कधी न घातलेला कोट! तुमच्या नातवंडांना आजोबा म्हणजे कोणी बँक मॅनेजर वाटतात. मायचं असं होऊ द्यायचं नव्हतं.

तो कॅमेरा तुम्ही आणलात तो दिवस मला लख्ख आठवतो. मी अकरावीत. पाळी संपवून तुम्ही दारात उभे आहात, केसांत धाग्याचे तंतू, हातात कापडाच्या चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी. तापीकाठच्या जुन्या बाजारातून आणलेलं. येता-जाता मी फोटो स्टुडिओच्या काचेला नाक लावून उभी राहायचे, ते तुम्ही पाहिलं होतं म्हणे. मला वाटायचं तुम्हाला लूम सोडून काही दिसत नाही. चिंधी सोडली, कॅमेरा हातात घेतला, तर लेन्सचं फोकसचं चाक जाम. हलेचना. माझं तोंड पडलं. पण तुम्ही मिलच्या लूम-शेडमधले जॉबर, बिघडलेले लूम चालते करणं हेच तुमचं काम. तुमच्या लेखी जगातल्या फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूला तेल लागत होतं. दाराची कडी, मायची शिलाई मशीन, माझी सायकल, एकदा तर रेडिओचं बटण. तुम्ही खिशातून कुपी काढता, ‘तेल दिधं का चालस’ म्हणता, आणि लेन्सच्या फटीत तेल सोडता. चाक लोण्यासारखं फिरायला लागतं. मी टाळ्या वाजवते. त्या घडीला सुरतेत माझ्याइतकं श्रीमंत कोणी नव्हतं.

पुढं काही दिवसांनी फोटो पांढरेफटक यायला लागले. माणसांची तोंडं जणू पिठात बुचकळलेली. मी चिडून सगळंच बदललं. रोल दुसरा, धुणारा दुसरा, कॅमेऱ्याचे आकडे दुसरे. तरी तेच. मी भोकाड पसरलं तेव्हा तुम्ही जेवत होतात. ताट बाजूला सारून असे ओरडलात की शेजारची काकू दारात आली. ‘दोन चाव्या एकसाथ फिरावशी, ते कोनती चुकी व्हती ते तुले कसं समजी?’ मग हात धुतलेत, सगळे फोटो जमिनीवर ओळीनं मांडलेत आणि आवाज खाली आणून म्हणालात, ‘पहिले कपडा देख. मशीनले मंग हात लाव.’

शेडमध्ये तुम्ही असंच करायचात, हे मी डबा द्यायला यायचे तेव्हा पाहिलेलं. कापडात खोट निघाली की बाकीचे लूमवर पान्हा घेऊन तुटून पडत; तुम्ही आधी कापड उजेडाकडे धरून खोट कुठून सुरू होते, कुठं थांबते ते बघत राहायचात. मालक मागून हातवारे करतोय, आणि तुम्ही आपले कापड बघताय. त्या दिवशी माझे फोटो तुम्ही तसे बघितलेत. मग नवा रोल घालून तुम्ही मला एकच गोष्ट बदलायला लावलीत, ती म्हणजे लेन्सवरचा भोक लहान-मोठं करायचा आकडा. सगळे फोटो सारखेच पांढरे आले. म्हणजे आकडा फिरतोय, पण आतलं भोक बदलतच नाहीये. आत डोकावलो तर लहान भोक करणारी पोलादी पाती एकमेकांना चिकटून बसलेली. चकाकत होती. तेलानं.

तुमचा चेहरा तेव्हा कसा झाला असेल? ‘चुकी मनीच शे,’ एवढंच म्हणालात. स्टुडिओवाल्याकडे नेलं तर त्यानं लेन्स नाकाशी धरली आणि विचारलं, ‘आमां तेल कोणे नाख्युं?’ मी काही बोलायच्या आत तुम्ही ‘मैंने’ म्हणालात. तो हसला आणि हे आपल्याकडे उघडत नाहीत म्हणाला. तुम्ही नाही हसलात. दुसऱ्या दिवशी शेडमधून जेकार्डचे टाकाऊ पुठ्ठे घेऊन आलात, कापडावर नक्षी उठवण्यासाठी लूमवर चढवतात ते भोकाभोकांचे. त्यांच्या कोऱ्या भागातून लेन्सच्या तोंडाएवढ्या चकत्या कापल्यात, प्रत्येकीच्या मधोमध वेगळ्या मापाचं भोक पाडलंत आणि एकेक लेन्सपुढं धरून दाखवलीत. कडक उन्हाला बारीक भोक, सावलीला मोठं. कॉलेज संपेपर्यंत मी त्या चकत्यांवर फोटो काढले. लोक हसायचे. हसू देत. उजेड किती घ्यायचा हे मी त्या पुठ्ठ्यांवर शिकले आणि ते अजून पुरतंय, आप्पा. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत, आपल्याकडे ते बोलून दाखवायची पद्धतच नव्हती. आता मानते.

फक्त त्या चकत्या धरायला तुम्ही नेहमी कॅमेऱ्याच्या या बाजूला. ‘तुम्ही उभे राहा ना’ म्हटलं की ‘माले काय देखतस, मायना काढ’. मग तुम्ही गेलातच. धाकट्या भावाला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं.

तर यंदा कानबाईच्या आठवडाभर आधी मी सराव म्हणून देवघरासमोर मायचा फोटो काढला. दिव्याभोवती दुधाळ धुकं, मायचा चेहरा त्यात बुडालेला. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली नवी लेन्स आहे, पण समया आणि धुपाच्या धुरात तिचा आपोआप फोकस भांबावतो. नेमका नथीच्या वेळी दगा द्यायचा. पहिले कपडा देख, म्हणून फोटो बघत बसले. धुकं सगळ्या फोटोंत नव्हतं, दिवा समोर असेल तिथंच होतं. मग एकच गोष्ट बदलली. नवी लेन्स लावली, धुकं गेलं. म्हणजे कॅमेरा निर्दोष. जुनी पुन्हा लावली, धुकं हजर. लेन्स काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारला, तर आतल्या काचेवर तोंडाची वाफ धरावी तसा पापुद्रा. इतक्या वर्षांत सुरतेच्या उन्हाळ्यांनी तुमचं तेल पात्यांवरून उडवत उडवत काचेवर नेऊन बसवलं होतं. मी एकटीच मोठ्यानं हसले. आप्पा, लेन्सला तेल घालत नाहीत हो!

दुरुस्तीवाला म्हणाला, दिवाळीनंतर बघू. मग मीच उघडली. मुलीच्या कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकांनी मागची कडी सोडवली, एकेक भाग निघेल त्या क्रमानं फडक्यावर मांडत गेले, स्पिरिटच्या बोळ्यानं काच पुसली, पाती धुतली. तुम्ही कुठलाही नट सैल करण्याआधी खडूची खूण करायचात. मी घाईत फोकसच्या चाकाला ती करायची विसरले. त्यामुळे आता चाकावरचे आकडे साफ खोटं बोलतात. दोन हातांवरचा माणूस त्यांच्या मते गल्लीच्या टोकाला असतो. पण पाती मिटायला-उघडायला लागली, आणि दिवा दिव्यासारखा दिसला. आकड्यांवाचून माझं काही अडत नाही.

कानबाईचा रविवार उजाडला. घर भाऊबंदांनी भरलेलं, गव्हाच्या रोटांचा वास. लग्न झालेल्या लेकीला माहेरचे रोट देत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. पूर्वी त्या दिवशी मला आपण पाहुणी असल्यासारखं वाटायचं. हातात कॅमेरा आल्यापासून वाटत नाही, मला माझं काम असतं. माय पाटासमोर बसली, शेजारी सून, मागं धाकटा आरतीचं ताट घेऊन उभा. मायनं नथ उचलली. मी लेन्सचं भोक पूर्ण उघडं ठेवलं होतं, उजेडच तेवढा कमी होता. अशा वेळी फोकसची जागा वीतभरसुद्धा नसते. चाक फिरवत बसले असते तर नथ घालून झाली असती. तुम्ही हजार धाग्यांतला तुटका धागा शोधताना मान किंचित पुढं-मागं करायचात, तशी मी चाक सोडून स्वतःच पुढं झुकले, मागं सरले. माय कुरकुरली, ‘काढ ना वं आते, मना हात भरी वनात.’ तिच्या पापण्या एकदम स्वच्छ झाल्या, आणि मी बटण दाबलं.

संध्याकाळी तिला स्क्रीनवर दाखवला. तिनं कॅमेरा लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. सुरकुत्या, नाकावरचा घामाचा थेंब, सगळं आलं होतं. मला वाटलं, रागावणार. ती हळूच म्हणाली, ‘मी आशी दिखस? ही ते मनी माय शे.’ आजीचा तर कोट रंगवलेलासुद्धा फोटो नाही. मायनं पदरानं स्क्रीन पुसली आणि कॅमेरा बराच वेळ परत दिला नाही. आप्पा, ज्यासाठी जिवाचा आटापिटा केला होता ते मला मिळालं, आणि त्यातलं निम्मं तुमचं आहे.

पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीच, म्हणून एक गोष्ट कबूल करते. धाकट्यानं फोटो पाहिला आणि म्हणाला, ‘ताई, मी तर पूरा ब्लर आलोय. पुढच्या आरतीला मला पण क्लियर घे ना.’ मी म्हटलं, जुनी लेन्स आहे बाबा, ती एका वेळी एकालाच धरते. तो आता तुम्ही गेलात त्या वयाचा झालाय. मायच्या खांद्यामागं त्याचे नाक-डोळे विरून गेलेत. कपाळ, खांद्यांचा उतार आणि मान पुढं काढून बघायची ढब तेवढी उरलीय. मला तुमचा चेहरा खरंच आठवत नव्हता, किती वर्षांपासून ते सांगवतही नाही. मी रोज तो फोटो उघडते, आणि सगळ्यांना वाटतं मी मायला बघतेय. पुढच्या आरतीला भोक जरा लहान केलं असतं तर तोही स्वच्छ आला असता, पाती आता नीट मिटतात. पण मग तो नुसता माझा भाऊ दिसला असता. हे मी त्याला सांगितलेलं नाही.