खंडेनवमीचे काडतूस

मी, काळुराम पंढरी केणे, वय ७३, रेल्वेतून निवृत्त ट्रॅकमन, राहणार दिवा (पूर्व), ता. जि. ठाणे, आज पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. उलट धाकट्याचे नाव घालू नका असा थोरल्या मुलाने, मयूरने, दोन वर्षे धोशा लावला आहे आणि तो मी मानलेला नाही. कायद्याचे शब्द वकिलांच्या नमुन्यातले, बाकीचे माझे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. भित्र्या माणसाला असले कागद उशिराच सुचतात.

१. घर. भातशेती बिल्डरला दिली, तिच्या बदल्यात हे दुमजली घर उभे राहिले. तळमजला मयूरला, वरचा मजला धाकट्या देवेशला. टाकी एकच आहे आणि पाणी एक दिवसाआड येते, तेव्हा वरच्या मजल्याचा व्हॉल्व्ह कोणी बंद करू नये. मयूरने तो पूर्वी केलेला आहे, म्हणून हे कलमात घालावे लागले. देवेश सध्या विठ्ठलवाडीला भाड्याच्या खोलीत राहतो. तो परत येवो न येवो, मजला त्याचाच.

२. बँकेतील ठेव मयूरची मुलगी दिशा हिला, शिक्षणासाठी. तिने कॉलेजात एनसीसीची रायफल हातात घेतली तेव्हा मयूरने घर डोक्यावर घेतले होते. तिला अडवू नये. गोळीबाराच्या रेंजवर निदान शिस्त तरी असते. नळी कायम निशाणाकडे, आणि हुकूम मिळाल्याशिवाय कोणी पुढे पाऊल टाकायचे नाही, हे तिनेच मला जेवताना समजावले. पुढे म्हणाली, "बंदूक रिकामी आहे असं कोणी सांगितलं ना आजोबा, तरी आपण स्वतः उघडून बघायची. सांगणारा कोणी का असेना." माझी भाकरी ताटात तशीच राहिली. माझ्या गेलेल्या थोरल्या सुनेची, कल्पिताची, मुलगी मला हे शिकवत होती. त्या दिवसापासून मला झोप नाही, आणि हा कागद त्यामुळेच होत आहे.

३. माझा हातोडा, पाना आणि दोन्ही झेंड्या माझे व्याही प्रभाकर यांना. कल्पिता त्यांची लेक. व्याही होण्याआधी आम्ही दिवा ते कल्याण एकाच गँगमध्ये होतो. मी रुळावर वाकलेलो असे, ते शिट्टी घेऊन गाडीवर नजर ठेवून उभे असत. अकरा वर्षे त्या शिट्टीच्या भरवशावर काढली आणि घरी धडधाकट परतलो. आम्ही दोघांनी रुळांवरून माणसेही पुष्कळ उचलली. बहुतेकांनी एक गाडी जाताना पाहिली होती, उलट्या बाजूने येणारी पाहिली नव्हती. माझ्या घरातल्या कोणीही रूळ ओलांडू नयेत. पूल आहे, पायऱ्या आहेत, गुडघे दुखले तर दुखू द्यावेत.

४. फाटकाबद्दल. मयूर, त्या दिवशी कल्पिता रिक्षात रक्ताने माखलेली होती आणि फाटक बंद होते. तू तिला उचलून रूळ ओलांडायला निघालास, मी तुझी कॉलर धरून मागे ओढले. फाटक उघडले तोवर ती गेली होती. आठ वर्षे तू मला त्याबद्दल शिव्या देतोस. तुला थांबवले नसते तर तेवढ्यात गेलेल्या जलद गाडीने तुम्हा दोघांनाही नेले असते, हे मी आजही सांगतो. तो दोष मी घेणार नाही. माझा दोष पुढच्या कलमात आहे.

५. बंदूक. वडिलांनी ती एकनळी बाराबोर रानडुकरांपासून भात राखायला घेतली होती. भात गेले, डुकरे गेली, परवाना मात्र मी शान म्हणून चालू ठेवला. खंडेनवमीला आम्ही ती पाटावर मांडून पूजत असू. माझी आई ठमाबाई म्हणायची, "उपाशी हत्यार पुजू नये." म्हणून पूजेपुरते एक काडतूस आत घालायचे आणि आरती झाली की काढायचे, ही तिची रीत. आई गेल्यावरही ती मी पाळली. मुलांना त्याचा पत्ता नव्हता. घालणारा मी, काढणारा मी.

२०१७ च्या खंडेनवमीला आरती होते न होते तोच पाहुणे आले. मी ओटीवर गप्पा मारत बसलो आणि काडतूस आत राहिले. दुपारी देवेश बंदूक कपाटात ठेवायला गेला. त्याने आतून विचारले, "आबा, रिकामी हाय ना?" मी पानाला चुना लावत होतो. मान वर न करता म्हणालो, "हाय, हाय." त्याने घोडा चढवून सहज चाप ओढला. कल्पिता समोरच पूजेचे ताट उचलायला वाकली होती.

नळी माणसाकडे होती ही देवेशची चूक, आणि ती त्याने कोर्टात कबूल केली. पोलिसांना मी सांगितले की काडतूस मी घातलेच नव्हते, पोराने मस्तीत भरले असेल. देवेश म्हणत राहिला की त्याने मला विचारले होते. मी त्याच्या तोंडावर सांगितले, तू विचारले नाहीस. इतक्या वेळा सांगितले की शेवटी त्याने म्हणणे सोडून दिले. त्याला दीड वर्ष तुरुंगवास झाला, नोकरी गेली, ठरलेले लग्न मोडले. मयूर त्याला खुनी म्हणतो आणि मी ऐकत बसतो. मला लाज वाटते. खरे हे आहे: काडतूस मी घातले, काढायला मी विसरलो, त्याने विचारले होते आणि मी रिकामी आहे म्हणालो.

बंदूक कोर्टाने जप्त केली आहे. ती कोणी परत मागू नये, नवा परवानाही घेऊ नये. पुजायचाच तर कोयता पुजावा.

येथे सही करायची होती. साक्षीदार म्हणून प्रभाकर यांना मुद्दाम बोलावले होते आणि सहीपूर्वी त्यांनी सर्व वाचावे असा माझा आग्रह होता. त्यांनी पाचवे कलम दोनदा वाचले. मग पेन खाली ठेवले आणि म्हणाले, "काळू, हा कागद तू मेल्यावर उघडनार. तवर त्या पोरानं काय करायचं?" देवेश माझा फोन उचलत नाही, म्हणून त्यांनी स्वतःच्या फोनवरून लावला आणि माझ्या हातात दिला.

मी पाचवे कलम त्याला वाचून दाखवले. नंतर त्याने एवढेच विचारले, "म्हंजे मी विचारलेलं?"

मी म्हणालो, विचारलेलंस.

तो रडू लागला. प्रभाकर यांनी फोन घेतला, त्याच्याशी दोन शब्द बोलले आणि पेन मागितले. माझ्याशी ते बोललेले नाहीत. आज संध्याकाळी मयूर आणि दिशाला मी स्वतः सांगणार आहे, आणि उद्या या कागदाची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात जाणार आहे.

वरील सर्व मजकूर वाचून, दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली आहे.

काळुराम पंढरी केणे (सही)

साक्षीदार:
१. प्रभाकर महिपत भोईर, निवृत्त ट्रॅकमन, कल्याण (सही)
२. डॉ. उत्तरा वैशंपायन, डोंबिवली (सही). लिहिणारे पूर्ण शुद्धीवर आहेत, हे मी तपासून लिहीत आहे.

ठिकाण: दिवा (पूर्व)
दिनांक: १४ डिसेंबर २०२५