टमरेल हातात घेऊन

आमच्या सुरेशच्या बाबांना,

तुम्हाला पत्र घालायची ही पहिलीच वेळ. मला लिहिता येत नाही, आणि होतात तेव्हा तुम्ही तरी एका जागी सापडत होतात कुठं? आता मी सांगतेय आणि आपली नात मनी लिहितेय. कारण एवढंच, की डॉक्टरनं सुरेशला तेच सांगितलं जे तुम्हाला सांगितलं होतं. साखर आहे, रोज चालत जा.

तुम्ही काय केलं होतंत, आठवतं का? डॉक्टरला "व्हय" म्हणालात आणि दवाखान्याच्या दारातूनच ट्रकवर चढलात. जन्मभर कारखान्याला ऊस वाहिला, रस त्यांना दिला, साखर तेवढी अंगात ठेवून घेतली. पान खायलासुद्धा ट्रक काढायचात. टपरी आपल्या दारातून दिसते हो!

तुमचंही खरं होतं म्हणा. "माझा बाप ढोरांमागं चालून चालून मेला, आता या घरातलं कुनी पायी जायचं न्हाई," असं म्हणायचात. ते चालून गेले, तुम्ही बसून गेलात. एकदा तरी माझ्याबरोबर बाजाराला चालत आला असतात तर काय चाक निखळलं असतं?

सुरेशनं टेम्पो घेतलाय. कोल्हारहून नगरला भाजीपाला नेतो. डॉक्टरचं ऐकून एक दिवस निघाला पायी. पण आपल्या गावात ड्रायव्हरला चालू देतात का कुणी? एकानं विचारलं, "गाडी बंद पडली का?" दुसरा म्हणाला, "विकली का काय?" तिसऱ्यानं तर ऐकूनच घेतलं नाही, मोटरसायकलवर बसवून घरी आणून सोडला.

मी म्हटलं, "उद्यापास्नं टमरेल घेऊन जा."

"कशाला? घरात संडास हाय की."

"असू दे. टमरेल घेतलेल्या मानसाला कुनी हटकत न्हाई, आन् गाडीवर तर कुनीच घेत न्हाई."

लागू पडलं. नदीच्या कडेनं लांब जायचा आणि भरलेलं टमरेल तसंच भरलेलं परत आणायचा. मी जिंकले म्हणून बसले होते. तेवढ्यात शेजारची शांता मुरडशेंग घेऊन आली. "उगाळून द्या सुरेशला. घरचा संडास सोडून रोज एवढ्या लांब पळतोय, पोट लई बिघडलंय वाटतं." मी हसू दाबून शेंग ठेवून घेतली. पण ते स्टँडवर पोचलं. तिथं सगळे ड्रायव्हर विचारायला लागले, "सुरेशशेठ, जुलाब थांबलं का?"

आला तसा टमरेल मोरीत फेकलं. चालणं बंद. थेट तुमच्यासारखा, घरातून उठला की टेम्पोत, टेम्पोतून उतरला की जेवायला.

मग एकदा जेवायला मांडी घालून बसला तर तळपायात बाभळीचा काटा. निम्मा आत गेलेला, भोवती लाल झालेलं.

"हा कधी मोडला रं?"

"कुठला काटा?" त्यानं विचारलं.

त्याला कळलंच नव्हतं. साखरेनं तुमचाही पाय आधी असाच बधिर झाला होता. पुढं काय झालं ते आम्ही दोघांनीही पाहिलंय. मी काटा काढला. तो जेवला.

जखम भरल्यावर एका सकाळी त्यानं बूट घातले आणि निघाला. हातात काही नाही. मी ओट्यावर होते. समोरून शांताचा नवरा आला आणि विचारलंच, "काय सुरेश, गाडी बंद पडली का?"

"गाडी चालू हाय काका. ड्रायव्हर बंद पडू ने म्हनून चाललोय."

तेव्हापासून रोज जातो. आता कुणी विचारत नाही. साखर जरा उतरलीय म्हणतात. मला आकडे कळत नाहीत, पण परवा खडा टोचला तेव्हा "आई गं" म्हणाला. मला बरं वाटलं. पोराला दुखलं म्हणून बरं वाटणारी आई तुम्ही पाहिली नसेल.

त्याचं चालणं मी मोडू देणार नाही, हा माझा शब्द. तुम्ही एक करा. तिथंही एखादी गाडी मिळवली असेलच तुम्ही. शेजारची शीट मोकळी ठेवा, पण पोराला बसायला बोलावू नका. ती माझी आहे. मी येईन सावकाश, पायी.

तुमची,
सुरेशची आई
(अक्षर मनीचं, अंगठा माझा)