ओस्निएलचा लॅपटॉप तापतो

मंगळवार, ४ जून
आजही बंद पडला. चार मिनिटं चालला फक्त. बुडाला हात लावला तर चटका बसला.
ओस्निएलला देश सोडून, चोरून होडीतून समुद्रापलीकडे जाऊन सव्वीस दिवस झाले. काल त्याचा दोस्त एलिएसर पेन ड्राइव्ह देऊन गेला. हळूच म्हणाला, "वहिनी, पलीकडे पोचलेल्यांचा व्हिडिओ आहे. एकेक जण घरच्यांना निरोप सांगतोय. तो त्यात आहे का, माहीत नाही. बघा आणि लगेच पुसून टाका." व्हिडिओ उघडायच्या आतच लॅपटॉप विझतो.
दुसऱ्या कोणाकडे लावून बघायची सोय नाही. सगळ्यांना सांगितलंय, तो कामाग्वे शहरात कामावर गेलाय.

बुधवार, ५ जून
दिवसभर लाइट नाही. शेजारची मिगदालिया मावशी दारातूनच — "काय गं येनिया, कामाग्वे चंद्रावर आहे का? नवऱ्याचा साधा एक निरोप नाही!" मी हसले आणि दार लावून घेतलं.

गुरुवार, ६ जून
मीच उघडला. तो लोकांचे लॅपटॉप घरी साफ करायचा तेव्हा मी स्क्रू सांभाळायचे, अंड्यांच्या ट्रेमध्ये, ओळीने. तेवढंच येतं मला. काही तुटलं तर तो जिवंत आहे का ते कधीच कळणार नाही.
पंख्याच्या तोंडाशी धुळीची गादी. आमच्या छोट्या लियाच्या दात घासायच्या ब्रशने काढली. चिपची उष्णता ओढून घेणारा लेप वाळून खपली झालेला. नवा इथे मिळत नाही, म्हणून टूथपेस्ट लावली. तो गिऱ्हाइकांना म्हणायचा, "टूथपेस्ट तीन दिवस टिकते. चौथ्या दिवशी शिव्या द्यायला या."
जोडला. दोन मिनिटांत बंद. आधीपेक्षा वाईट.
लिया त्यावर हात ठेवून म्हणाली, "पापा गरम."

शुक्रवार, ७ जून
पंख्याची वायरच लावली नव्हती! मूर्ख मी. लावली — आणि लाइट गेली. बॅटरी तर कधीच मेलेली.

शनिवार, ८ जून
लाइट नाही. टूथपेस्ट वाळत असेल.

रविवार, ९ जून
सकाळी लाइट आली. पंखा फिरला. सगळा व्हिडिओ बघितला. कोणी आईचं नाव घेतलं, कोणी बायकोचं. एकाने तर बकरीला पाला घालायला सांगितलं.
शेवटून दुसरा ओस्निएल. दाढी वाढलेली. जिवंत.
व्हिडिओ काढणाऱ्या बाईने विचारलं, "घरी कोण आहे? निरोप कोणाला?"
म्हणाला, "कोणी नाही."
तीनदा बघितलं. लॅपटॉप एकदाही तापला नाही.